चित्राखालची ओळ

(अकादमीच्या निमंत्रणावरून पणजी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी बडोद्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. प्रबंध कवितेवर केला. चित्रकलेतलं माझं शिक्षण चौथीत संपलं, कारण मी काढलेल्या चिमणीकडे बघून बाईंनी 'हा कुठला भाग आहे?' असं विचारलं होतं. तेव्हा इंटरनेटवर भेटणारे छायाचित्रकार, चित्रकार आणि ॲनिमेशन करणारे कलावंत या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार फक्त एका बघणाऱ्या बाईचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

परवा बडोद्याहून मडगावला येताना गाडीत समोरच्या बाकावर पाचेक वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या फोनवर 'एक अनेक और एकता' बघत होता. जाळ्यात सापडलेले पक्षी, जाळं कुरतडणारे उंदीर, ताई आणि तिला प्रश्न विचारणारा धाकटा भाऊ. माझ्या वयाच्या सगळ्यांनी ते दूरदर्शनवर पाहिलंय. मुलाला गाणं पाठ, त्याच्या वडिलांना पाठ, मलाही पाठ. मी सहज विचारलं, "हे कुणी केलंय हो?" वडील म्हणाले, "यूट्यूबवर आहे, मॅडम."

त्यांनी मला टाळलं नव्हतं, मनापासून उत्तर दिलं होतं. मी 'कुणी' असं विचारलं आणि त्यांनी 'कुठे' ते सांगितलं, एवढंच. पुढचा सगळा प्रवास मी या उत्तराचा विचार करत आले. आपण सगळेच हल्ली असं उत्तर देतो.

तो लघुपट १९७४चा. दिग्दर्शन विजया मुळे यांचं. मुंबईत जन्मलेल्या, पाटण्याला आणि मग दिल्लीला फिल्म सोसायटीची चळवळ उभी करणाऱ्या या मराठी बाई २०१९ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या. चित्रं हलवली भीमसैन यांनी. गाणं विनयचंद्र मौद्गल्य यांचं, संगीत वसंत देसाई यांचं, आणि तो कोवळा आवाज लहानपणच्या साधना सरगम यांचा. अर्ध्या देशाला पाठ असलेल्या सात मिनिटांमागे एवढी माणसं आहेत. त्यांतली दोन नावं मला स्वतःला चाळिशीनंतर कळली, तीही एका विद्यार्थ्यामुळे. म्हणजे त्या वडिलांना हसण्याचा हक्क मला नाही.

कसा नाही, ते सांगते. ही माझ्या अपराधाची गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाची मी संपादक होते. मुखपृष्ठाला फोटो हवा होता. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी सूरसागर तलावाचा एक कृष्णधवल फोटो टाकला होता. पाऊस नुकताच थांबलाय, काठावर एक सायकल टेकवलेली, सायकलवाला कुठेच नाही, आणि पाण्यावर एकच थेंब पडल्यासारखं वर्तुळ. बघताक्षणी वाटलं, हाच. हजार प्रती छापल्या. आत श्रेयनामावलीत मोठ्या प्रामाणिकपणे लिहिलं: 'मुखपृष्ठ छायाचित्र: इंटरनेटवरून साभार.'

महिन्याभरानं विभागात एक वृद्ध गृहस्थ आले. पांढरा झब्बा, हातात औषधाच्या दुकानातलं कागदी पाकीट. पाकिटात निगेटिव्ह होती. बसा म्हटलं तर उभेच राहिले. माझ्या टेबलावरचा अंक उचलला, फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "काळा जरा जास्त आलाय. बाकी छान छापलंय." मग आतलं पान उघडून 'साभार'वर बोट ठेवलं. "हे आभार काही पोचले नाहीत, बाई. म्हटलं आपणच जाऊन घेऊन यावेत."

आवाज चढला नाही की पैशांचा विषय निघाला नाही. दोन प्रती मागितल्या. कधीकाळी शहरात त्यांचा स्टुडिओ होता, लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढून घर चालवलं, आणि रविवारी स्वतःसाठी म्हणून तलावाकाठी जायचे. तो फोटो नातवानं कधीतरी कुठेतरी टाकला आणि तिथून तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. कार्यालयात शिल्लक राहिलेल्या तीनेकशे प्रतींवर आम्ही, म्हणजे मी आणि सहा विद्यार्थ्यांनी, डिंक घेऊन त्यांच्या नावाच्या पट्ट्या चिकटवल्या. पुढच्या अंकात खुलासा छापला. इथं येण्यापूर्वी त्यांना फोन करून विचारलं, तुमचं नाव घेऊ का? म्हणाले, "भाषणात नको. फोटोखाली असलं म्हणजे झालं."

माझ्या आजच्या व्याख्यानाचं शीर्षक त्यांच्या या वाक्यातून आलंय.

त्या प्रकरणानंतर मी पहिल्यांदा ती सोय शिकले, फोटोच देऊन फोटो शोधायची. तुमच्यापैकी तरुण मंडळींना ती माहीत असेल. माझ्या वयाच्या शिक्षकांसाठी सांगते, अवघड काही नाही. शब्द टंकण्याऐवजी चित्र द्यायचं आणि ते आणखी कुठे कुठे आहे ते यंत्र दाखवतं. सूरसागरचा तो फोटो मला अकरा ठिकाणी सापडला. एका ठिकाणी त्यावर विरहाची चारोळी होती. एका ठिकाणी डावं-उजवं उलटं झालं होतं. एका ठिकाणी खाली 'उदयपूर' लिहिलं होतं. अकराही ठिकाणी नाव नव्हतं. दहा पापं दुसऱ्यांची होती म्हणून अकरावं हलकं होत नाही. पण हे असं का होतं, याचं मला कुतूहल वाटू लागलं.

याचं एक कारण अगदी साधं, जवळजवळ सुतारकामातलं आहे. चित्रकार सही करतो ती खालच्या कोपऱ्यात. फोनच्या पडद्याला आणि त्यावरच्या चौकटींना चित्र चौकोनी लागतं. मासिकाचं मुखपृष्ठ असतं उभं. ते चौकोनात बसवताना वरचं आकाश आणि खालचा कोपरा जातो, आणि कोपऱ्याबरोबर सही जाते. कुणाच्याही मनात वाईट नसतं. कात्री आपली चालत राहते.

इथं गोव्यात हे बोलताना दीनानाथ दलालांची आठवण होणारच. १९१६ साली जन्मलेले, या मातीतले. १९४५ पासून 'दीपावली' अंक काढणारे, आणि मराठी पुस्तकांना चेहरा देणारे. बडोद्यात आमच्या घरी दिवाळी अंक विकत कमीच यायचे, वाचनालयातून यायचे आणि तेही संक्रांतीच्या सुमारास, हाताळून मऊ झालेले. मला लेखकांची नावं कळायच्या आधी 'दलाल' ही छोटी सही ओळखू यायची. आज त्यांच्या चित्रातल्या बायका फोनवर रोज भेटतात. सकाळी सकाळी 'सुप्रभात' घेऊन येतात, मकरसंक्रांतीला तिळगूळ घेऊन येतात. सही नसते. मागच्या वर्षी वर्गात एक चित्र दाखवून विचारलं, तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे व्हॉट्सॲपवालं चित्र आहे." अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर, त्यांचं तर याहून वेगळं झालं. त्यांचे देव आमच्या गुजराती शेजाऱ्यांच्या देवघरातही होते. देवाचा फोटो हा देवाचाच असतो, तो कुणी काढलाय हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. इतकं यश मिळालं की नाव विरघळून जातं.

बरं, नाव माहीत असलं तरी शोधणं सोपं नाही. नुसतं 'दलाल' लिहिलंत तर शेअरबाजार आणि जमिनीचे मध्यस्थ यांची रांग लागते. रोमन लिपीत 'दी' एका पद्धतीनं लिहिलात तर चित्रांचा एक ढीग, दुसऱ्या पद्धतीनं लिहिलात तर दुसरा. देवनागरीत लिहिलंत तर, माझा अनुभव सांगते, सगळ्यांत कमी चित्रं येतात. चित्रं टाकणाऱ्यांनी खाली मराठीत काही लिहिलेलंच नसतं, तर यंत्र तरी काय शोधणार? चित्रापर्यंत शब्दांनीच जायचं असतं. इथं माझ्यासारखीचं, भाषेच्या शिक्षकाचं काम सुरू होतं असं मला वाटतं.

आमच्या बडोद्यातल्या मराठी मुलांची अडचण तुम्हाला, म्हणजे बेळगावच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या मंडळींना वेगळी सांगायला नको. घरी मराठी, शाळेत इंग्रजी किंवा गुजराती, देवनागरी येते ती हिंदीच्या तासापुरती. मराठी बोलतात ती झकास, त्यात 'चालू' आणि 'बंध' यांची खास बडोदी मिसळ. पण दोन पानं वाचायला दिली की चेहरा उतरतो. या मुलांना थेट कादंबरीकडे नेता नेता माझी अर्धी नोकरी संपली. मग एके दिवशी मी हार मानली आणि सांगितलं, तुम्हाला नेटवर जे चित्र, जो फोटो, जी हलती फिल्म आवडली असेल ती आणा. अट एकच. त्याखाली मराठीत पाच ओळी लिहायच्या, आणि पहिल्या ओळीत ते कुणी केलंय ते लिहायचं. नाव सापडलं नाही तर कुठे कुठे शोधलं ते लिहायचं.

पहिल्या आठवड्यात चाळीस चित्रं आली आणि नावं सहा. दोन महिन्यांनी हे प्रमाण उलटलं होतं, असं मी म्हणणार नाही. पण नाव शोधता शोधता मुलं जिथं जाऊन पोचली, तिथं मी त्यांना कधी नेऊ शकले नसते.

एक मुलगा धावत आला, "मॅडम, फाळके सापडले!" मला पार्श्वभूमी सांगायला हवी. धुंडिराज गोविंद फाळके १८९०च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात शिकत होते. सयाजीराव महाराजांनी ते त्याच वर्षी सुरू केलं होतं. इमारत अजून आहे, आता तिथं विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा भरते, आणि मी रोज रिक्षानं तिच्यावरून जाते. कॅमेऱ्याशी त्यांची मैत्री तिथं झाली. पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, त्यांनी एका अंकुराची वाढ चित्रित केली, दिवसाला थोडं थोडं टिपून, आणि ती सावकारांना दाखवून भांडवल उभं केलं. १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली. आगकाड्या ठेवायच्या, एक चित्र घ्यायचं, काड्या केसभर सरकवायच्या, पुन्हा एक चित्र. आपल्याकडच्या ॲनिमेशनचा आरंभ इथं शोधावा लागतो. तर हा मुलगा काड्या नाचत असलेली एक जुनी मूक फिल्म घेऊन आला होता. वर्गात सगळे खूष. पहिल्या ओळीसाठी नाव पक्कं करायला बसलो तेव्हा कळलं की ती एमिल कोल या फ्रेंच चित्रकाराची, १९०८ची. फाळक्यांना स्फूर्ती ज्यांच्याकडून मिळाली असं सांगतात, तेच हे कोल. 'आगकाड्यांची मौज'ची प्रत शिल्लक नाही.

त्या मुलाचा चेहरा मला आठवतो. म्हणाला, "म्हणजे नेटवर नाहीच?" म्हटलं, नाही. "मग कुठे आहे?" म्हटलं, कुठेच नाही. इंटरनेटवर सगळं मिळतं अशा श्रद्धेनं वाढलेल्या पिढीला 'कुठेच नाही' ही कल्पना समजायला वेळ लागतो. पॅरिसच्या काड्या अजून नाचतायत आणि आमच्या कलाभवनात शिकून गेलेल्या माणसाच्या काड्या विझल्या. त्यानं पाच ओळी न लिहिता दोन पानं लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या नाहीत मी.

काडीवरून काड्यापेटी आठवली म्हणून जाता जाता सांगते. गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' ही २००६ची फिल्म बघा. एक एकटी म्हातारी, तिची मांजर, आणि काड्यापेट्यांवरच्या छापील चित्रांमध्ये शिरून तिनं केलेले प्रवास. संवाद नाहीत. स्वतः रंगवलेल्या या पंधरा मिनिटांना कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात बक्षिसं मिळाली. माझ्या वर्गातल्या दोघी ती पाहून रडल्या, आणि तिसरीनं घरातल्या जुन्या काड्यापेट्या गोळा करायला घेतल्या.

आता ज्योती भट्ट. इथं मला जरा रेंगाळू द्या.

ज्योती हे नाव मराठी कानाला बाईचं वाटतं, त्यामुळे आमच्या एका विद्यार्थिनीनं पहिल्या ओळीत 'ज्येष्ठ छायाचित्रकर्त्री श्रीमती ज्योती भट्ट' असं लिहून आणलं. हे ज्योतींद्र मनशंकर भट्ट, १९३४ साली भावनगरला जन्मलेले, आमच्या विद्यापीठाच्या ललित कला शाखेच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आणि नंतर तिथलेच शिक्षक. त्यांचे गुरू नारायण श्रीधर बेंद्रे, म्हणजे आपले इंदूरचे बेंद्रे. ज्योतीभाई मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६७ साली गुजरातच्या लोककलांवरच्या एका परिसंवादासाठी त्यांनी खेड्यांत फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं काढतच राहिले. मातीच्या भिंतींवरची चित्रं, अंगणातले मांडणे, दारावरचे मोर, अंगावर गोंदलेल्या खुणा. हे सगळं जाणार आहे हे त्यांना दिसत होतं. पण त्यांच्या फोटोत नुसती भिंत क्वचितच असते. ती रंगवणारी बाई शेजारी उभी असते, तिचं पोर असतं, बांधलेलं वासरू असतं. चित्र कुणाच्या घरातलं आहे ते चित्रातच असतं. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेनं त्यांचा संग्रह, बडोद्याच्या आणखी काही कलावंतांच्या संग्रहांबरोबर, डिजिटल रूपात सर्वांसाठी खुला केलाय. माझ्या घरापासून काही मैलांवर राहणाऱ्या माणसाचं काम मला हाँगकाँगमार्गे दिसलं, याची लाज वाटावी की आनंद, हे अजून ठरत नाही.

त्या विद्यार्थिनीनं अंगणात मांडणे काढणाऱ्या बायकांचा एक फोटो घरी आजीला फोनवर दाखवला. आजी सत्तर वर्षांपूर्वी लग्न होऊन साताऱ्याकडून बडोद्याला आलेल्या. फोन दूर धरून त्या म्हणाल्या, "हे त्यांचं. आमच्याकडे चैत्रांगण असतं." नात म्हणाली, "म्हणजे काय?" आजींनी सांगायचा प्रयत्न केला, मग कंटाळून रांगोळीचा डबा मागवला. गच्चीवर गेरू सारवायला जागा नव्हती, म्हणून फरशीवरच बसल्या. वर देव्हारा, त्यात झोपाळ्यावरची गौर, मग शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य-चंद्र, गोपद्मं, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, नाग, कासव, कैरी, फणी-करंडा. गुडघे दुखत होते, तरी दीड तास. नातीनं फोटो काढला. नंतर एकेक आकृतीवर बोट ठेवून नाव विचारलं आणि लिहून घेतलं. यातले 'गोपद्म', 'करंडा', 'अंबारी' हे शब्द तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटले. माझ्या तीन वर्षांच्या शिकवण्यात ते आले नव्हते, एका गुजराती छायाचित्रकाराच्या फोटोमुळे ते घरातच सापडले.

वर्गात तिनं फोटो दाखवला तेव्हा पहिली ओळ वाचली. छायाचित्र: स्वतःचं नाव. मी विचारलं, आणि रांगोळी? ती थांबली. मग पेन काढून वर एक ओळ वाढवली. रांगोळी: आजीचं नाव, सासरच्या आडनावासकट. ते कागदावर लिहिलेलं आजींना दाखवलं, तर त्या म्हणे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडून आपलं नाव कुठे छापून येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

आपली लोककला 'अनामिकांची' असते असं आपण पाठ्यपुस्तकांत लिहितो, मीही लिहिलंय. आता जरा हात अडखळतो. अनामिक म्हणजे ज्यांना आपण विचारलं नाही ते, असंही असू शकतं.

हे सगळीकडे असंच असतं असं नाही. ईशू पटेल यांचं उदाहरण घ्या. जन्म गुजरातेतला, शिक्षण आमच्या ललित कला शाखेत आणि मग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. पुढे ते कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळात गेले. तिथं १९७७ साली त्यांनी 'बीड गेम' केली. हजारो रंगीत मणी काळ्या पार्श्वभूमीवर सरकतात, एकमेकांना गिळतात, माशाचे प्राणी होतात, प्राण्यांची माणसं, माणसांची युद्धं, आणि शेवटी अणू. साडेपाच मिनिटं. पार्श्वभूमीला ज्ञानप्रकाश घोषांचा तबला. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेली ही फिल्म त्या मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. आणि खाली नावं आहेत. दिग्दर्शक, ध्वनी, संगीत, निर्माता, सगळी. सरकारी पैशानं चालणारी संस्था एवढं करू शकते. अकादमीही सरकारी अनुदानावर चालते, म्हणून हे मुद्दाम इथं बोलले. अध्यक्षांनी मनावर घ्यावं.

कायद्याचं दोन वाक्यांत सांगते, कारण संपादक मंडळी इथं आहेत. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार निर्मात्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९४४ साली गेलेल्या धुरंधरांची चित्रं आज मोकळी आहेत, १९७१ साली गेलेल्या दलालांची अजून नाहीत. आणि हक्क विकला, तरी 'हे मी केलंय' असं म्हणण्याचा अधिकार विकला जात नाही, हे त्याच कायद्याचं कलम ५७ सांगतं. 'इंटरनेटवरून साभार' या शब्दांना कायद्यात काही स्थान नाही. मी छापलेत, म्हणून सांगते.

अलीकडे आणखी एक भानगड सुरू झालीय. एका मुलानं पाच ओळींसाठी चित्र आणलं, सुंदर, जुन्या मुखपृष्ठासारखं, कमळाच्या तळ्याकाठी बसलेली बाई. नाव शोधायला गेला तर कुणाचंच नाही, यंत्रानं रचलेलं. मग पहिल्या ओळीत काय लिहायचं? वर्गात चांगला वाद झाला. कुणी म्हणालं, यंत्राचं नाव लिहा. कुणी म्हणालं, ज्यानं यंत्राला सांगितलं त्याचं. शेवटी त्या बाईच्या मानेच्या वळणाकडे बोट दाखवून एक जण म्हणाला, "पण हे वळण तर कुणाच्या तरी चित्रातून आलंय ना?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या मुलानं पहिली ओळ कोरी ठेवून चार ओळी लिहिल्या. मी पूर्ण गुण दिले.

विद्यार्थ्यांना नेहमी एक प्रश्न पडतो की नवं, चांगलं काम सापडतं कसं? फोन तर रोज तेच तेच दाखवतो. एकदा मांजर बघितली की आठवडाभर मांजरी. माझा अनुभव असा की नाव धरून चाललं तर वाट फुटते. ज्योतीभाईंच्या नावावरून बेंद्रे सापडतात, बेंद्र्यांवरून इंदूरची कलाशाळा, तिथले देवळाळीकर मास्तर, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेले हुसेन. नाव नसलेल्या चित्रापासून पुढे कुठेच जाता येत नाही. फार तर त्याच्यासारखं दिसणारं आणखी एक चित्र मिळतं.

शेवटी आमच्या एका मुलीचं सांगते आणि थांबते. ती वाणिज्य शाखेची, मराठी फक्त एका विषयापुरतं. टॅबलेटवर चित्रं काढते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. बडोद्याच्या मराठी वाड्यांची चित्रं, तिसऱ्या प्रहरच्या उन्हातले जिने, दोरीवर वाळणारी नऊवारी. खालच्या कोपऱ्यात देवनागरीत बारीक सही. मागच्या कोजागिरीला तिच्या मावशीनं औरंगाबादहून तिलाच तिचं चित्र पाठवलं. वाडा तोच, जिना तोच. वर गुलाबाची दोन फुलं आणि 'शुभ रात्री', कोपरा कापलेला. मावशीनं लिहिलं होतं, 'बघ, किती छान चित्र आहे, तूही असं काढत जा.'

ती माझ्याकडे आली तेव्हा हसतही होती आणि डोळेही भरले होते. मी तिला कलम ५७ वगैरे ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी तिनं नवं चित्र दाखवलं. अंगण, उंबरा, उंबऱ्यासमोर ठिपक्यांची रांगोळी. कोपरा रिकामा. मी म्हटलं, "अगं, सही?" ती म्हणाली, "आहे, मॅडम. शोधा." मी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ आणला, बोटांनी चित्र मोठं केलं. रांगोळीच्या मधोमध, ठिपके जोडणाऱ्या रेषांमध्येच तिनं नाव गुंफलं होतं. ते काढायचं तर सगळी रांगोळीच पुसावी लागली असती. मला ते वाचायला चांगली दोन मिनिटं लागली.